पान नको, पेर ने

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मनीप्लँट जिन्याच्या कठड्यावरून खाली लोंबायचा. येता-जाता त्याची पानं खांद्याला लागायची. मनीप्लँट चोरून आणला तरच घरात लागतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. एका दुपारी जिन्यात कुणी नाही असं पाहून मी एक टपोरं पान देठासकट खुडलं आणि घरी पेल्यात पाणी घालून ठेवलं. तीन-चार आठवड्यांनी देठाच्या टोकाला पांढरी मुळं दिसली. मला फार आनंद झाला. महिना गेला, दोन गेले, चार गेले. मुळांनी पेला भरला, पान हिरवंगार राहिलं. पण दुसरं पान काही फुटेना.

शेवटी काकूंकडे जाऊन सगळं सांगून टाकलं. त्या आत जाऊन कात्री घेऊन आल्या, वेलीचा हातभर तुकडा कापला आणि माझ्या हातात देत म्हणाल्या, "अगं, पान काय नेलंस? पान नको, पेर ने." तो तुकडा पंधरा दिवसांत मुळं धरून बसला आणि महिन्याभरात त्याला नवी पालवी आली. आज माझ्या घरात त्याच वेलीच्या सात कुंड्या आहेत. मनीप्लँट लागण्या-न लागण्याचं सगळं शास्त्र काकूंच्या त्या एका वाक्यात होतं. हा लेख त्या वाक्याचाच विस्तार आहे.

पेरात काय असतं?

मनीप्लँटचा एक फाटा हातात घ्या आणि बोटाने चाचपत जा. जिथे पानाचा देठ खोडाला मिळतो तिथे खोड किंचित फुगलेलं असतं. ते पेर. दोन पेरांमधला गुळगुळीत भाग म्हणजे कांडं. पेरापाशी नीट पाहिलं तर दोन गोष्टी दिसतील. देठाच्या बेचक्यात लपलेला एक बारीक डोळा, म्हणजे सुप्त कळी. आणि तिथेच खोडावर एक तपकिरी, बोथट टोक. हे टोक म्हणजे हवेत फुटू पाहणारं मूळ. जंगलात झाडाच्या बुंध्याला धरून वर चढायला वेलीला याच मुळांचा आधार असतो. म्हणजे मनीप्लँटच्या प्रत्येक पेरावर मुळाची तयारी आधीच झालेली असते. आपण त्याला फक्त पाणी दाखवायचं असतं. गुलाबाच्या किंवा जास्वंदीच्या काडीपेक्षा मनीप्लँट इतका सहज लागतो, तो यामुळे.

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. बेण्याचं टिपरं तोडताना तो डोळे मोजतो: एक डोळ्याचं टिपरं, दोन डोळ्यांचं टिपरं. डोळा मेला किंवा दुखावला तर टिपरं कितीही जाड असो, ते उगवायचं नाही. मनीप्लँटचंही तसंच. मी खुडलेल्या पानाला देठ होता, पण डोळा नव्हता. देठातल्या पेशींनी मुळं काढली, पानाने स्वतःपुरतं अन्न तयार केलं. मात्र नवा कोंब ज्यातून निघायचा ती कळीच तिथे नव्हती. असं पान महिनोन्‌महिने जगतं, वाढत मात्र नाही.

मग शाळेत वहीत ठेवलेल्या पानफुटीच्या पानाला रोपं कशी फुटायची? पानफुटीच्या पानाच्या कडेवरच्या खाचांत कळ्या असतात, म्हणून ते एकटं पानसुद्धा पुरतं. स्नेक प्लँटच्या पानाचा तुकडा मातीत खोचला तरी तळाशी नवा कोंब तयार होतो; पण पिवळ्या काठाच्या जातीचं पान असं लावलं, तर नवं रोप बहुधा पिवळ्या काठाशिवाय, नुसतं हिरवं येतं. त्यामुळे कोणतंही झाड वाढवण्याआधी त्याचा डोळा कुठे आहे हे पाहावं. मनीप्लँटचा तो पेरात आहे.

मनीप्लँट चोरल्यावरच लागतो, या समजुतीचा उलगडाही इथेच होतो. घाईत ओढलेल्या तुकड्याबरोबर एखादं पेर आलं तर तो लागतो, नुसतं पान आलं तर लागत नाही. चोरीचा त्यात काहीही हात नाही.

कापल्यावर आत काय घडतं?

वनस्पतीच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्झिन नावाचं संजीवक तयार होतं आणि ते खोडातून खालच्या दिशेने वाहत जातं. त्याचा माग लागायला बराच काळ गेला. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवर पुस्तक प्रसिद्ध केलं. गवताच्या कोंबाचा शेंडा झाकला तर कोंब उजेडाकडे वळत नाही, म्हणजे शेंड्याकडून खाली काहीतरी संदेश जातो, असं त्यांनी त्यात दाखवलं. हा संदेश एक पदार्थ आहे हे १९२६ मध्ये नेदरलँड्समधल्या फ्रिट्स वेंट यांनी सिद्ध केलं. ओटच्या कोंबांचे शेंडे त्यांनी अगारच्या तुकड्यांवर ठेवले आणि तेच तुकडे शेंडा कापलेल्या कोंबांवर ठेवून ते वाढवून, वळवून दाखवले. पुढे १९३० च्या दशकात ऑक्झिनमुळे खोडाला मुळंही फुटतात हे कळलं. रोपवाटिकेत छाट कलमाची काडी ज्या पांढऱ्या भुकटीत बुडवतात, तिच्यात ऑक्झिनचाच एक भाऊबंद, इंडोल ब्युटिरिक आम्ल असतं.

आपण फाटा कापतो तेव्हा खाली वाहणाऱ्या ऑक्झिनला पुढे वाट उरत नाही. ते कापल्या जागेपाशी साठतं. जखमेच्या आसपासच्या, एरवी दुसरंच काम करणाऱ्या पेशी पुन्हा विभागू लागतात आणि मुळाचं रूप घेतात. बीच्या मुख्य मुळापासून न निघता खोडातून किंवा पानातून अशी फुटणारी मुळं म्हणजे आगंतुक मुळं. वडाच्या पारंब्या हे त्यांचंच आपल्या रोजच्या पाहण्यातलं रूप.

ऑक्झिन शेंड्याकडून बुडाकडेच वाहतं, म्हणून तुकडा उलटा लावून चालत नाही. जुने माळी काडी कापताना खालचं टोक तिरकं आणि वरचं सरळ कापतात. दहा काड्या एकत्र पडल्या तरी कुठलं टोक मातीत जायचं हे नुसता काप पाहून कळतं. घरीही हीच सवय ठेवावी.

फाटा कसा घ्यावा

आधी मूळ वेल नीट निरखा. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण आहे. त्या वेलीचा फाटा घेऊ नका. फांदीतून लावलेलं रोप म्हणजे मूळ वेलीचाच तुकडा, त्यामुळे तिचे गुण येतात तशी तिच्या अंगावरची कीडही येते. पिवळी पडलेली, मरगळलेली फांदीही नको. फार कोवळा शेंडा पाण्यात लवकर कुजतो आणि अगदी जून, राठ झालेला भाग उशिरा फुटतो. मधला भाग सर्वांत खात्रीचा.

कात्री किंवा सिकेटर स्पिरिटने पुसून घ्या. दोन ते चार पेरांचा तुकडा घ्या आणि सर्वांत खालच्या पेराच्या साधारण एक सेंटिमीटर खाली तिरका काप द्या. पाण्यात बुडणाऱ्या पेरांवरची पानं काढून टाका. बुडालेलं पान कुजतं, पाणी नासतं आणि त्या पाण्यात मुळांना मिळायचा प्राणवायू कमी होतो. वर एक-दोन पानं मात्र हवीतच, कारण मुळं येईपर्यंतचं अन्न तीच तयार करतात. लांब वेल असेल तर एका पेराला एक पान असे छोटे तुकडेही करता येतात. रोपं जास्त मिळतात, पण भरायला वेळ लागतो.

हे करताना हाताला चीक लागला तर धुऊन टाका आणि तो हात डोळ्यांना लावू नका. मनीप्लँट अळू आणि सुरणाच्याच कुळातला आहे. अळू चिरताना हात खाजतात आणि फदफद्यात चिंच किंवा आमसूल घातल्याशिवाय घसा खवखवतो. त्याला कारण असतात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक, आणि तेच मनीप्लँटच्या पानात आणि खोडातही असतात. रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा घरात असेल तर बाटली त्यांच्या तोंडाला येणार नाही अशा उंचीवर ठेवा.

वेळ कोणती? महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हा काळ सर्वांत चांगला. हवेत दमटपणा असतो, पानांतून पाणी कमी उडतं आणि ऊबही पुरेशी असते. पुण्या-नाशिकच्या कडक थंडीत तोच तुकडा महिनाभर जैसे थे राहू शकतो. तो मेला असं समजून टाकून देऊ नका. विदर्भातल्या मे महिन्यात पाण्यातला तुकडा सावलीत तग धरतो, पण मातीत थेट लावलेला बहुधा सुकतो.

बाटलीपासून कुंडीपर्यंत

पाण्यात लावण्याची मजा अशी की मुळं डोळ्यांसमोर वाढतात. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून सकाळी वापरलं तर त्यातलं क्लोरिन बरंच कमी झालेलं असतं. निदान एक पेर, शक्य तर दोन, पाण्याखाली हवीत. बाटली उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. पारदर्शक बाटलीत ऊन पडलं की शेवाळ धरतं. मुळांना अंधार आवडतो, म्हणून बाटलीला तपकिरी कागद गुंडाळला तर शेवाळही टळतं. उबदार दिवसांत दहा-पंधरा दिवसांत मुळाचं पांढरं टोक दिसतं.

पाणी बदलण्याच्या बाबतीत आपल्याकडे जास्त सावध राहायला हवं. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. पावसाळ्यात मुंबईत पालिकेचे कर्मचारी घरोघरी तपासणी करतात तेव्हा मनीप्लँटच्या बाटल्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आवर्जून पाहतात, ते यासाठीच. अंड्यापासून उडता डास व्हायला उबदार हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात. त्यामुळे आठवड्यातून निदान एकदा, शक्यतो दोनदा, सगळं पाणी ओतून टाकायचं. नुसतं ओतून भागत नाही. ही अंडी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेजवळ चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. बाटली आतून ब्रशने घासूनच नवं पाणी भरा. तोंड अरुंद असेल तर देठाभोवती कापूस बसवा. घासता येणार नाही अशी शोभेची बाटली मनीप्लँटला देऊच नये.

मुळं दोन-तीन इंच झाली की मातीत हलवायची. त्याहून जास्त वाट पाहू नका. पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात आणि मातीतल्या मुळांसारखे बारीक केस त्यांना फारसे नसतात. जितके दिवस ती पाण्यात, तितकं मातीशी जमवून घेणं अवघड. कुंडीच्या तळाला भोक हवंच. माती, कोकोपीट आणि गांडूळखत साधारण सारख्या प्रमाणात घ्या. माती चिकट असेल तर मूठ-दोन मूठ जाडी वाळू मिसळा. बोटाने खड्डा करून मुळं अलगद सोडा आणि माती हलकेच दाबा. पहिले दोन आठवडे माती सतत ओलसर ठेवा, कारण पाण्यातून आलेल्या मुळांना कोरड लगेच सोसत नाही. त्यानंतर सवय बदला: वरची बोटभर माती सुकल्यावरच पाणी. घरातले मनीप्लँट तहानेपेक्षा जास्त पाण्यानेच अधिक मरतात.

आणखी एक गोष्ट रोपवाटिकावाल्यांकडून शिकण्यासारखी. त्यांची कुंडी भरगच्च दिसते, कारण तिच्यात एकाच वेलीऐवजी पाच-सहा तुकडे एकत्र लावलेले असतात. एकट्या फाट्याची कुंडी कितीही दिवस ठेवली तरी बुडाशी उघडीच राहते. वेल लांबली की शेंडा खुडा. शेंड्याचं ऑक्झिन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवत असतं. शेंडा गेला की खालचे डोळे जागे होतात. आणि खुडलेला शेंडा पुन्हा पाण्यात.

फाटा निवडताना पानांचे रंगही पाहा. पिवळे-पांढरे पट्टे असलेल्या वेलीवर एखादी फांदी पूर्ण हिरवी निघते. तिचा तुकडा लावला तर हिरवीच वेल मिळते. पूर्ण पांढऱ्या पानांचा फाटा दिसायला सुंदर, पण त्यात हरितद्रव्य नसतं. मूळ वेलीपासून तोडला की तो उपाशी मरतो. पट्टे हवे असतील तर पट्टे असलेल्या पेरापासूनच सुरुवात करा आणि रोप चांगल्या उजेडात ठेवा.

वेल खाली लोंबवली तर पानं लहान होत जातात. काथ्या गुंडाळलेल्या खांबावर चढवली तर मोठी. मोठ्या झाडावर चढलेल्या मनीप्लँटचं पान सुपाहून मोठं आणि चिरलेलं असतं, इतकं की ही आपल्या खिडकीतलीच वेल आहे हे पटत नाही. आपण कुंडीत जे पाहतो ते या वेलीचं बाळपण असतं.

न फुलणारी वेल

मनीप्लँटला फूल आलेलं तुम्ही पाहिलं आहे का? तो भारतभर आहे, जगभर आहे, तरीही त्याचं फूल पाहिलेला माणूस मिळणं कठीण. १८८० साली, म्हणजे डार्विन यांचं ते पुस्तक आलं त्याच वर्षी, युरोपात या वेलीचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं. फूल नव्हतं, त्यामुळे ती नक्की कुणाच्या घरातली हे ठरेना आणि नाव बदलत राहिलं. १९६२ मध्ये एका वेलीला फूल आलेलं आढळलं. त्यानंतर नावाची पुन्हा फेरतपासणी झाली आणि १९६४ मध्ये एपिप्रेम्नम ऑरियम हे आजचं नाव मिळालं. तिचं मूळ गाव पॅसिफिक महासागरातलं, ताहितीशेजारचं मोओरेआ बेट.

ती फुलत का नाही याचं उत्तर २०१६ मध्ये मिळालं. फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संजीवक तयार करण्याच्या साखळीतलं एक जनुक या वेलीत नीट काम करत नाही. संशोधकांनी बाहेरून जिबरेलिन फवारलं आणि वेल फुलली. नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार घड लांबवायला आणि मणी फुगवायला जे 'जीए' वापरतात ते हेच जिबरेलिन.

फूल नाही म्हणजे फळ नाही, बी नाही. पक्षी हिची बी नेत नाहीत, वारा उडवत नाही. मग एका बेटावरची वेल आपल्या जिन्यापर्यंत कशी आली? कुणीतरी पेर कापलं आणि दुसऱ्याला दिलं, त्याने तिसऱ्याला. आपल्या घरातल्या मनीप्लँटला नवा जन्म असा झालेलाच नाही. एकच जुनं आयुष्य तुकड्या-तुकड्यांनी लांबत आलं आहे.

यात नवल वाटावं असं काही नाही, कारण आपली शेती याच पायावर उभी आहे. हापूसची कोय पेरली तर हापूसच येईल याची खात्री नसते, म्हणून कोकणात कलमं बांधतात. केळीत बी नसतं. जळगावच्या बागा मुनव्यांवर आणि आता ऊतीसंवर्धित रोपांवर चालतात. राज्यात दूरवर पसरलेल्या को ८६०३२ जातीचा प्रत्येक ऊस मुळात एकाच रोपाच्या डोळ्यांतून आला आहे. खिडकीतल्या बाटलीत आपण जे करतो तेच शेतकरी एकरांच्या मापाने करतो.

पण ज्या वेलीला हातच पसरवतात, तिची जबाबदारीही हातांवरच येते. छाटलेले तुकडे ओढ्यात, विहिरीकाठी किंवा टेकडीवर फेकू नका. पडल्या जागी प्रत्येक पेर मूळ धरू शकतं. श्रीलंका आणि हवाईसारख्या ठिकाणी ही वेल रानात शिरून स्थानिक झाडांवर पसरली आहे. नको असलेले तुकडे बारीक चिरून, उन्हात कडकडीत वाळवून मगच खतात टाकावेत.

काकू आता त्या इमारतीत राहत नाहीत. घर बदलताना त्यांची कुंडी फुटली आणि वेल गेली, असं त्यांनी फोनवर सांगितलं. पुढच्या रविवारी मी माझ्या सात कुंड्यांतून चांगली जून-कोवळी अशी सहा टिपरी कापली, खालची टोकं तिरकी ठेवली, ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्याकडे नेली. त्यांनी एकेक तुकडा उजेडात धरून पेरं चाचपली आणि मान डोलावली. वेल नवी नव्हती. त्यांचीच होती, थोडे दिवस माझ्याकडे राहायला आलेली.